शहापूरचे मास्तर आणि त्यांची निळी वही

बेळगावात शहापूरला राहिलेल्या जुन्या लोकांना मास्तर आठवत असतील. पांढरा लेंगा, खादीचा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, आणि उजवा पाय काठीसारखा ताठ. तो पाय बाजूने फेकत फेकत ते शाळेला जायचे. मराठी शाळेत गणित शिकवायचे. निम्म्या गावाला वाटायचं मास्तरांना लहानपणी पोलिओ झालेला. पोलिओ नव्हता. त्यांना हिमोफिलिया होता, आणि आमच्यासारख्या घरांना धरून ठेवणारी एक छोटी संस्था त्यांनी घरच्या सोप्यात उभी केली होती. एक लोखंडी कपाट, एक थर्मासची पेटी आणि एक निळी वही, एवढाच तिचा पसारा.

त्यांचं नाव इथं लिहीत नाही. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "लिही की, पण नाव नको गं. त्यांनी कधी फोटोसुद्धा काढू दिला नाही."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रक्त गोठायला शरीरात काही घटक लागतात, त्यांना फॅक्टर म्हणतात. आठ नंबरचा कमी असला तर हिमोफिलिया ए, नऊ नंबरचा कमी असला तर बी. ए असलेला साधारण पाच हजार मुलग्यांत एक जन्मतो. लोकांना वाटतं कापलं की रक्त थांबत नाही आणि माणूस जातो. तसं क्वचित होतं. खरा त्रास आतला. गुडघा, घोटा, कोपर यांच्या सांध्यात आपोआप रक्त साचतं, सांधा नारळासारखा फुगतो, पोरगं रात्रभर ओरडतं. असं वीस-पंचवीस वेळा झालं की सांधा कायमचा धरतो. मास्तरांचा गुडघा तसाच धरलेला.

माझा धाकटा भाऊ १९७८चा. रांगायला लागला आणि अंगावर काळेनिळे डाग दिसू लागले. शेजारच्या बायका आईकडं संशयानं बघायच्या, मारते की काय पोराला. वर्षाचा असताना जीभ चावली गेली, तीन दिवस रक्त. मिरजेला नेलं तेव्हा कुठं रोगाचं नाव कळलं. नाव कळलं, पण पुढं करायचं काय हे कुणी नीट सांगितलं नाही. "जपा," एवढंच. जपायचं म्हणजे काय? आईनं अंगणात पोती अंथरली, कोपऱ्यांना गोधड्या बांधल्या, आणि सहा वर्षांचा होईपर्यंत त्याला गल्लीत सोडलं नाही.

दिल्लीत अशोक बहादूर वर्मा यांनी १९८३ साली हिमोफिलिया फेडरेशन सुरू केली. ते स्वतः हिमोफिलियाचे. मास्तरांनी ती बातमी कुठंतरी वाचली, दिल्लीला पत्र धाडलं, आणि उत्तर आल्यावर बेळगावातले पेशंट शोधायला निघाले. शोधायचे कसे? तर रक्तपेढीत जाऊन बसायचे. कुणाचे आईबाप वरचेवर प्लाझ्मासाठी येतात ते बघायचे आणि बाहेर गाठायचे. बाबांना त्यांनी असंच गाठलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाय फेकत आमच्या दारात हजर.

बसले, पाणी प्याले, आणि आईला पहिलाच प्रश्न विचारला, "वहिनी, तुमच्या माहेरी कुणी मुलगा लहानपणी गेला होता काय?"

आईचा चेहरा उतरला. तिचे दोन भाऊ गेले होते. एक सहा वर्षांचा, दुधाचा दात पडला आणि रक्त थांबलंच नाही. दुसरा अकरा वर्षांचा, चिंचेखाली पडला, डोक्याला मार, रात्रीत संपला. आमच्या घरात हे कुणी बोलत नसे. आजी आमच्याकडंच राहायची, आणि तिला आयुष्यभर लोकांनी पोरं खाणारी म्हटलं होतं. तिच्या सासरकडून कुणी आमच्याकडं जेवायलाही येत नसे.

मास्तरांनी पिशवीतून वही काढली, पेन्सिलीनं वंशावळ मांडली, जशी वर्गात उदाहरण मांडायचे तशी. हा दोष आईकडून येतो, पण बाईला स्वतःला सहसा त्रास होत नाही. वाहक बाईच्या प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता आजाराची, प्रत्येक मुलीला निम्मी शक्यता वाहक होण्याची. कितीतरी घरांत तर, साधारण तीनात एका ठिकाणी, आधी कुणालाच नसताना नव्यानं येतो. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या घराण्यात होता, तिचा एक मुलगा त्यानंच गेला.

आजी दाराआड उभी राहून ऐकत होती. ती पुढं आली आणि म्हणाली, "म्हणजे लोक म्हणत होते ते खरंच की. माझ्याच पोटातून आलं."

सोप्यात सगळे गप्प. मला आजही वाटतं, इथं दुसरा कुणी असता तर गोड काहीतरी बोलून वेळ मारून नेली असती. मास्तर खोटं बोलले नाहीत. म्हणाले, "होय आजी, तुमच्याकडूनच आलं. या पोराचे घारे डोळेपण तुमच्याकडूनच आलेत. त्याबद्दल तुम्हाला कुणी बोललं काय? दोन्ही एकाच वाटेनं आलंय."

आजी काही बोलली नाही. आत गेली आणि त्यांच्यासाठी कुंदा घेऊन आली. माझ्या आठवणीत तिनं परक्या माणसाला स्वतःच्या हातानं काही दिल्याची ती पहिली वेळ.

त्यानंतर महिन्यातून एका रविवारी त्यांच्या सोप्यात आठ-दहा घरं जमू लागली. शहापूर, वडगाव, खासबागची विणकर मंडळी, एक घर अनगोळचं, एक मुसलमान कुटुंब, दोन लिंगायत. भाषा खिचडी. मास्तर फळ्यावर शिकवायचे. सांधा दुखायला लागायच्या आधी आत मुंग्या आल्यासारखं वाटतं, ते पोराला ओळखायला शिकवा. बर्फ फडक्यात गुंडाळून लावा, सांधा हलवू नका, घट्ट पट्टी बांधा, पाय उशीवर. ऍस्पिरिन अजिबात नको, ताप आला तर पॅरासिटामॉल. बरं वाटलं की व्यायाम, कारण स्नायू कमजोर झाले की सांधा पुन्हा भरतो. आमच्या आईची पोती त्यांनीच उचलायला लावली. "वहिनी, पोराला पोहायला पाठवा. मलासुद्धा कुणीतरी पाठवायला पाहिजे होतं." भाऊ पोहायला शिकला तो त्यामुळं.

क्रायो म्हणजे काय ते त्यांनी बायकांना असं सांगितलं: लोणी कढवल्यावर तळाला बेरी राहते, तसा गोठवलेला प्लाझ्मा सावकाश वितळवला की तळाशी गाळ राहतो, आणि आठ नंबरचा फॅक्टर त्या गाळात असतो. ज्युडिथ पूल नावाच्या अमेरिकन बाईंनी १९६४च्या सुमारास हे शोधलं. मास्तर त्या बाईंचं नाव इतक्या आदरानं घ्यायचे की अनगोळच्या एका काकूंना बरीच वर्षं वाटत होतं त्या मास्तरांच्या ओळखीच्या आहेत.

एक कार्ड त्यांनी छापून घेतलं होतं, पोरांच्या खिशात ठेवायला. "मला हिमोफिलिया आहे. दंडात किंवा कमरेत इंजेक्शन देऊ नका. ऍस्पिरिन देऊ नका." वर कानडी, मग इंग्रजी, खाली मराठी. तो काळ सीमावादाच्या गरमागरमीचा. काही लोक बोललेच, मराठी शाळेचा मास्तर आणि कानडी वर? ते म्हणाले, "रात्री दोनला कॅज्युअल्टीत जो पोरगा डॉक्टर असेल त्याला पटकन वाचता आलं पाहिजे. तो विजापूरचा असला तर?" स्वतः ते एक नोव्हेंबरला काळी फीत लावून फेरीला जायचे. पाय फेकत, पुढच्या रांगेत. मला यात कधी विसंगती वाटली नाही.

ते कार्ड किती कामाचं होतं ते सांगते. भावाला ताप आला म्हणून एका दवाखान्यात नेलं, नाव नको. कार्ड दाखवूनसुद्धा कमरेत इंजेक्शन दिलं गेलं. मांडी इतकी सुजली की दोन महिने अंथरूण. मास्तर त्या डॉक्टरकडं भांडायला गेले नाहीत. पुस्तक घेऊन गेले, तासभर बसले, आणि येताना त्यांच्याच नर्सला रविवारच्या बैठकीचं आमंत्रण देऊन आले. ती नर्स पुढं सहा वर्षं येत होती.

पुढं दावणगेरेशी संबंध जुळला. तिथं डॉ. सुरेश हनगवाडी, स्वतः डॉक्टर आणि स्वतः हिमोफिलियाचे, यांनी कर्नाटक हिमोफिलिया सोसायटीचं मोठं काम उभं केलं. मास्तर थर्मासची पेटी घेऊन पहाटेच्या एसटीनं निघायचे. धारवाड, हुबळी, हावेरी, राणेबेन्नूर, हरिहर. त्या ताठ पायानं सीटमध्ये बसता यायचं नाही, म्हणून कंडक्टरच्या शेजारी पाय लांब करून. येताना पेटीत बर्फ आणि फॅक्टरच्या चार-सहा बाटल्या. त्या दोन ते आठ डिग्रीत राहायला पाहिजेत, म्हणून हुबळीला उतरून पुन्हा बर्फ भरायचे. एका बाटलीची किंमत तेव्हा विणकराच्या महिन्याच्या कमाईला भारी पडायची.

माझ्या लग्नाच्या वेळी मात्र मास्तर आणि आमची आई यांचं वाजलं. मास्तरांचा नियम होता, स्थळाला आधीच सांगायचं. मी वाहक असेन किंवा नसेन, तपासणी तेव्हा आमच्या आवाक्यात नव्हती. आई म्हणाली गप्प बसूया. मास्तर ऐकेनात. बाप हिमोफिलियाचा असला की त्याची प्रत्येक मुलगी वाहक असतेच, त्यामुळं त्यांच्या लेकीच्या बाबतीत तर शंकाच नव्हती. तिची दोन स्थळं त्यांनी स्वतः सांगून मोडून घेतली होती. आई त्यांना तोंडावर म्हणाली, "तुमच्या लेकीचं केलंत ते केलंत. माझ्या लेकीचं करू नका."

निपाणीचं स्थळ मोडलं. आईनं चार महिने त्यांच्या सोप्यात पाऊल टाकलं नाही. मलाही तेव्हा राग आला होता, आणि अजूनही वाटतं की मुलीला आधी विचारायला पाहिजे होतं. ते मला न विचारता बोलले होते. पण पुढच्या खेपेला गडहिंग्लजच्या लोकांना मीच सांगितलं, मास्तर नुसते शेजारी बसले. सासरे ऐकून घेऊन म्हणाले, "आमच्यात दमा आहे, तेही लिहून घ्या." नंतर वेल्लोरला तपासणी केली, मी वाहक निघाले. मुलगा ठीक आहे. मुलगी मोठी झाली आहे, तिनं ठरवायचं.

सतरा एप्रिलला जागतिक हिमोफिलिया दिन असतो. तो फ्रँक श्नाबेल यांचा जन्मदिवस. कॅनडातल्या माँट्रियलचे व्यावसायिक, तीव्र हिमोफिलियाचे, त्यांनी १९६३मध्ये जागतिक फेडरेशन स्थापन केली. १९८७मध्ये ते एड्सनं गेले. रक्तापासून बनवलेल्या औषधांतून विषाणू आला होता. त्या वर्षांत जगभर हिमोफिलियाची हजारो माणसं अशीच गेली. मास्तर दर सतरा एप्रिलला हे सांगायचे, आणि बायका पोरांसमोर नको म्हणायच्या. ते म्हणायचे, पोरांनाच कळलं पाहिजे.

मास्तरांना क्रायोतून हेपॅटायटीस सी झाला. रक्तपेढ्यांत त्याची तपासणी सक्तीची व्हायच्या आधी कधीतरी. कळलं तेव्हा यकृत निकामी होत आलेलं. आजारपण लपवणारा माणूस नव्हता तो. पहिल्याच रविवारी फळ्यावर स्वतःचा रिपोर्ट लिहिला आणि प्रत्येकाला तपासून यायला सांगितलं. तिघांना निघाला, भाऊ सुटला. त्या तिघांवर पुढं उपचार झाले. मास्तरांना तेवढा वेळ मिळाला नाही.

शेवटी भेटायला गेले तेव्हा पोटात पाणी झालेलं, बोलताना धाप. मी काहीतरी बोलावं म्हणून म्हटलं, मास्तर, तुम्ही होता म्हणून आमचा भाऊ आज बँकेत आहे. ते म्हणाले, "त्याच्या डाव्या घोट्याचा व्यायाम चालू आहे काय?"

आता दिवस बदललेत. २०१६च्या दिव्यांग कायद्यात हिमोफिलिया आला. सरकारी रुग्णालयात फॅक्टर मोफत मिळतो, कधी साठा संपतो तेव्हा हाल होतात ते वेगळं. एमिसिझुमॅब नावाचं औषध आलंय, कातडीखाली टोचायचं, आठवड्याला किंवा महिन्यालासुद्धा चालतं. ते मिळणारी लहान पोरं फुटबॉल खेळतात. त्यांना मास्तरांच्या पायाचा फोटो दाखवावा म्हटलं तर फोटोच नाही.

निळी वही काकूंनी माझ्याकडं दिली. त्रेचाळीस नावं आहेत. समोर गट, वजन, कुठला सांधा, आईचं माहेर. परवा खानापूरच्या पुढच्या एका वाडीतून फोन आला. दोन वर्षांचं पोर, गुडघा सुजलेला, आई रडत होती. बर्फाचं सांगितलं, जिल्हा रुग्णालयात कुणाला भेटायचं ते सांगितलं, कार्ड पाठवते म्हटलं. मग वही उघडली आणि विचारलं, "बाई, तुझ्या माहेरी कुणी मुलगा लहानपणी गेला होता काय गं?"

बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाली, "दोघं. पण तुम्हाला कसं कळलं?"