लोड थांबवताना

मालगाडी ओढणं हे इंजिनाचं काम. ती थांबवणं हे चालकाचं. दौंडहून पुणे, सोलापूर आणि मनमाड अशा तिन्ही दिशांना लोड, म्हणजे भरलेली मालगाडी, नेताना मला हेच पुन्हापुन्हा पटत गेलं. न्यूटनचे नियम शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेले असतात. आमच्या कामात ते पाठीला आणि तळहाताला कळावे लागतात.

भरलेल्या वाघिणीचं वजन 80 टनांच्या वर जातं. अशा 58 वाघिणी म्हणजे सुमारे 4,700 टन. पुढे डब्ल्यूएजी-9 इंजिन 123 टनांचं, निघताना जोर लावणार फार तर 46 टनांचा. तरी लोड हलतं, कारण सपाटीवर पोलादी चाकाला पोलादी रुळाचा विरोध टनामागे दोन-तीन किलोच असतो. शिवाय सगळ्या वाघिणी एकदम हलवाव्या लागत नाहीत. कपलिंगमध्ये थोडी ढील असते. थ्रॉटल हळूच पुढे केला की पहिली वाघीण ताणली जाते, मग दुसरी, मग तिसरी. तो खणखणाट मागे सरकत सहाशे मीटरवरच्या ब्रेकव्हॅनपर्यंत जातो. तो गार्डाला कळला की गाडी खरी निघाली. इथे घाई केली तर त्याच धक्क्याने कपलर तुटतो. पहिल्या पावसात रूळ धूळ-पाण्याने बुळबुळीत झाले, की चाकं जागच्या जागी फिरतात आणि वाळू सोडावी लागते.

थांबवताना मात्र हेच कमी घर्षण आडवं येतं. ए-नाईन या ब्रेक व्हॉल्व्हचं हँडल फिरवून मी ब्रेक पाइपातला 5 किलोचा दाब उतरवतो. तो उतरल्याची वर्दी शेवटच्या वाघिणीला काही सेकंदांनी मिळते. तोवर मागचं सगळं वजन पुढच्यांना रेटत असतं, आणि ते रेटणं खुर्चीत बसल्या बसल्या कमरेला जाणवतं. ताशी 75 किलोमीटर वेगाचं भरलेलं लोड उभं राहायला साधारण किलोमीटरभर रूळ लागतो. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट. होम सिग्नलची पूर्वसूचना देणारा डिस्टंट सिग्नल त्याच्या निदान किलोमीटरभर आधी असतो, तो उगाच नाही. गाडी निघाल्यावर ब्रेक फील टेस्ट घेतो तीही याचसाठी: आजचं लोड ब्रेकला कसं ऐकतं, हे गरज पडण्याआधी कळलं पाहिजे. रिकामी वाघीण 22-23 टनांची, ती वेगळं ऐकते. कालचा अंदाज आज चालत नाही.

गुरुत्वाकर्षणाचं म्हणाल तर सगळे बोरघाटाचं नाव घेतात. तिथे 37 मीटरला एक मीटर चढ आहे; हजार टनांच्या गाडीला मागे खेचणारा जोर 27 टनांचा. उतारावर गाडी हाताबाहेर गेलीच तर तिला चढावर नेऊन थांबवायला कॅच सायडिंग आहेत. पण घाटात प्रत्येक जण सावध असतो. मला जास्त धास्ती यार्डाची वाटते. यार्डात 400 ला 1 पेक्षा जास्त उतार नको, असा नियम आहे. एवढा उतार डोळ्याला दिसतसुद्धा नाही. 80 टनांच्या वाघिणीला मात्र त्यावर 200 किलोचा जोर खाली ओढतो, आणि रोलर बेअरिंगवरची वाघीण सरकायला तेवढाही पुरू शकतो. म्हणून गाडी उभी करून सोडताना हँडब्रेक, साखळी-कुलूप, लोखंडी स्किड, लाकडी पाचर हे सगळं लावायचंच. कितीही दमलेलो असलो तरी यात सूट नाही.

दौंडात रुळांच्या दोन्ही बाजूंना गाव आहे. दप्तर, दुधाचे कॅन, सायकल घेऊन माणसं रूळ ओलांडतात. गेट पडलेलं असलं तरी खालून वाकून येतात. उसाची ट्रॉली समोर माणूस दिसला की जागच्या जागी थांबत नाही, हे ज्यांना ठाऊक आहे तेसुद्धा. दादा, ताई, तुम्ही मला दिसता. मी हॉर्न देतो, ब्रेकही लावतो. पण त्यानंतर गाडी किलोमीटरभर चालतच राहते. दोन मिनिटं थांबा, लोड जाऊ द्या.