प्रसाद घेतलास का?

म्युझियममध्ये 'हात लावू नका' हा नियम आपल्याला शाळेच्या ट्रिपपासून पाठ असतो. त्यामुळे २०२२ मध्ये शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये कोपऱ्यातल्या रंगीबेरंगी गोळ्यांच्या ढिगातून लोक बिनधास्त गोळ्या उचलताना दिसले, तेव्हा मी आधी सिक्युरिटीवाल्याकडे बघितलं. तो हसला. म्हणाला, घे.

फंडा असा की, हे फेलिक्स गोन्झालेझ-टोरेस या क्यूबात जन्मलेल्या आर्टिस्टचं १९९१ चं काम. ढिगाचं आदर्श वजन १७५ पाउंड, म्हणजे साधारण ७९ किलो. एका माणसाचं असावं तेवढं. त्याचा जोडीदार रॉस त्याच वर्षी एड्सने गेला. आपण एकेक गोळी उचलतो, ढीग आजारी शरीरासारखा झिजत जातो आणि म्युझियम तो पुन्हा भरू शकतं. इथे स्टेज नाही, नट नाही. परफॉर्मन्स आपणच करायचा, तोही तोंड गोड करत! १९९६ मध्ये फेलिक्सही एड्सनेच गेला. वाटप मात्र थांबलं नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये त्याच्याच फॉर्च्युन कुकीजच्या ढिगासाठी जगभरातल्या हजार जणांना आमंत्रण गेलं. आपापल्या जागी ढीग रचा, लोकांना घेऊ द्या. म्युझियमं बंद, पण दर्शन मोबाइलवर चालू.

मी स्वतःला पक्का नास्तिक समजतो. तरी गोळी उजव्या हातात घेतली आणि सवयीने कपाळाला लावली. नेमका तेव्हाच आईचा व्हिडिओ कॉल. पुण्यात रात्रीचे साडेनऊ, तिची सीरियल संपलेली.

"कुठल्या देवळात आहेस रे? प्रसाद कसला?"

"देऊळ नाही गं. एका माणसाने त्याच्या गेलेल्या जोडीदारासाठी ठेवलाय."

"जोडीदार म्हणजे बायको?"

तीन वर्षं मी घरी 'रूममेट' हा शब्द वापरत होतो. समोरासमोर असतो तर आत्ताही विषय बदलला असता. पण मधे तेरा हजार किलोमीटर आणि तळहाताएवढा स्क्रीन. धीर आला.

"नाही. जसा माझा रूममेट आहे ना, तसा."

आई काहीच बोलली नाही. मला वाटलं, नेटवर्क गेलं. स्क्रीनवर पंखा मात्र फिरत होता.

मग ती म्हणाली, "एकच घेतलीस? त्याच्यासाठी पण घे."