छतावरची टिकटिक

मुलांनो, आमचं मढ गाव माळशेज घाटाच्या वाटेवर. पावसाळ्यात सरपण ओलं, त्यामुळं चुलीचा धूर घरभर कोंडायचा. फुंकणीनं फुंकून फुंकून आईचे डोळे लालभडक व्हायचे. पण त्या धुरात आम्हाला एक गंमत दिसायची. मध्येच ऊन पडलं की कौलांच्या फटीतून कवडसा उतरे. एरवी त्याचा जमिनीवर नुसता ठिपका दिसायचा, पण धूर आला की उजेडाची अख्खी तिरपी काठी उभी राहायची!

हाच कवडसा मला पुढं न्यू जर्सीत, धाकट्या बहिणीच्या घरी भेटला. पहिल्याच संध्याकाळी मी आमटीला लाल मिरचीची फोडणी दिली मात्र, छतावरची एक पांढरी तबकडी कर्कश किंचाळू लागली. "ताई, खिडकी उघड!" म्हणत बहीण टॉवेलनं वारा घालत सुटली. मी आपली झारा घेऊन तश्शीच उभी!

तबकडीच्या पोटात एक छोटा दिवा असतो आणि उजेड ओळखणारा एक 'डोळा'. दिव्याचा झोत त्या डोळ्यावर थेट पडत नाही. आत धूर शिरला की धुराचे कण उजेड इकडं-तिकडं उधळतात, थोडा डोळ्यापर्यंत पोचतो आणि भोंगा वाजतो. आमच्या कवडशासारखंच की! पण धूर फोडणीचा की आगीचा, हे त्या बिचारीला काय कळणार? आंघोळीची वाफ, धूळ, आत शिरलेला कोळीसुद्धा तिला फसवतो. म्हणून ती शेगडीपासून दहा फूट तरी लांब हवी. बहिणीची स्वयंपाकघराच्या दारातच होती, ती हलवली.

वरच्या मजल्यावर दुसरी तबकडी होती. मी तिचं बटण दाबून पाहिलं. चकार शब्द नाही. उघडली तर बॅटरीची जागा रिकामी! बहीण ओशाळली. "रात्री दोनला टिक्... टिक्... करायची गं. झोपच लागेना, म्हणून काढली." बॅटरी ड्रॉवरमध्ये रबरबँडांच्या गुंत्यात तीन महिने पडून होती. आणि त्या तबकडीशेजारच्याच खोलीत माझी भाची झोपत होती.

ही टिकटिक बॅटरी संपत आल्याची खूण. पहाटेकडं घर गार पडतं, गारठ्यात बॅटरीचा जोर आणखी घटतो, म्हणून ती नेमकी झोपेच्या वेळी सुरू होते. नवी बॅटरी घातली, तरी टिक्! "बघ!" बहीण म्हणाली. मग उलटून पाहिलं. मागं बनवल्याची तारीख होती, बारा वर्षांपूर्वीची. या तबकडीचं आयुष्य साधारण दहा वर्षं, पुढं तिचा भरवसा नाही. नवीच आणली. दर महिन्याला बटण दाबायचं काम भाचीनं मागून घेतलं.

येताना एक मढलाही आणली. चुलीजवळ लावली असती तर दिवसभर बोंबलली असती, म्हणून ओटीवर लावली. तरी श्रावणात एका पहाटे खिडकीतून धुकं आत आलं आणि सगळी आळी जागी झाली! आईला मात्र एक गोष्ट बजावून सांगितली. गॅस गळला तर ही वाजणार नाही. त्यासाठी गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेला उग्र वास आहे. तो आला की रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, दिव्याच्या कुठल्याच बटणाला हात लावायचा नाही, आणि बाहेर जाऊन 1906 ला फोन करायचा.

मागच्या रविवारी बहिणीचा फोन चालू असताना भाचीनं तिकडं बटण दाबलं. आवाज थेट मढपर्यंत आला. आई चुलीपुढून ओरडली, "अगं, कोणाची भाकरी करपली?"