पिकअप, शिडी आणि दोन कमानी

मंडळी, या वीकेंडचा विषय आहे पिकअपवर शिडी ठेवायचं स्टँड. हसू नका! गेले दोन महिने आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सुप्रभातच्या फुलांपेक्षा याचेच फोटो जास्त आलेत.

माझा मामेभाऊ (आम्ही सगळी भावंडं त्याला दादाच म्हणतो) अंबाजोगाईला वायरिंगची कामं करतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान मिळायला लागलं आणि त्याच्याकडे छतावरच्या सोलरची कामं यायला लागली. मग त्याने हप्त्यावर बोलेरो पिकअप घेतली. आता अंबाजोगाई, केज, धारूर, कधी परळी अशी फिरती चालू असते.

अडचण एकच, पण रोजची. हौद्यात पॅनल आणि पॅनलवर शिडी. हल्लीचा एक पॅनल साधारण साडेसात फूट लांब, पावणेचार फूट रुंद आणि अठ्ठावीस-एक किलोचा. त्यावर शिडी आपटत गेली तर वरून काच शाबूत दिसते, पण आतल्या सेलना केसाएवढ्या चिरा जातात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत. वर्षभराने युनिट कमी पडायला लागतात तेव्हा गिऱ्हाईक फोन करतं, आणि तो फोन कंपनीला नाही, दादाला येतो.

पॅनल उभे करून नेले की शिडी तिरकी टाकावी लागते. मग तिची दोन-तीन फूट शेपटी फाळक्याबाहेर. तिच्या टोकाला लाल फडकं. ऊस सुरू झाला की आपल्याकडचे रस्ते रात्री कसे असतात हे बीडकरांना सांगायला नको. पुढे दिवा नसलेली ट्रॉली, मागून डोळ्यांवर अपर, आणि मध्ये मोटरसायलवाला. त्याच्या छातीच्या उंचीला अॅल्युमिनियमची दोन टोकं, आणि अंधारात ते लाल फडकं काळंच दिसतं. माझ्या मते हा सगळा खटाटोप करायला एवढं एक कारण पुरे होतं.

कायदाही आहेच. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, त्यात कलम १९४ (१अ) आलं. माल परवानगीच्या मर्यादेबाहेर बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीत गेला तर दंड २० हजार रुपये. दादाला हा आकडा सांगितला तर म्हणाला, "एवढ्यात तर सोन्याचं स्टँड होईल की!" सोन्याचं होणार नाही, पण मुद्दा पोचला.

ऑनसाइटला अमेरिकेत असताना मी हे स्टँड पार्किंगमध्ये रांगेने बघितले होते. तिकडे पिकअप म्हणजे घरची गाडीसुद्धा. सोमवारी रंगकाम, रविवारी पोरांना घेऊन मॅचला. त्यामुळे तिकडे स्टँड कॅटलॉगमधून निवडतात: छिद्र न पाडता शिकंजाने आवळायचं, काळं, देखणं, निघणारं. मी दादाला हौसेने फोटो पाठवले. पण त्यांच्या हौद्याची कड शिकंजा बसेल अशी, आपल्या पिकअपच्या पत्र्याची घडण वेगळी. मागवून उपयोग नव्हता. आपल्याकडे कॅटलॉग म्हणजे मिस्त्री!

मिस्त्रींचा पहिला सल्ला अपेक्षित होता. "कशाला काढघाल? एकदाच वेल्डिंग मारून टाकतो. जन्मभर हलणार नाही."

इथे दादा अडला. सोलरची कामं पावसाळ्यात थंडावतात आणि हप्ता काही थंडावत नाही. म्हणून सप्टेंबरपासून गाडी सीताफळाच्या भाड्याला जाते (बीडच्या सीताफळाला २०१६ साली जीआय मिळालाय, बरं का!) आणि पुढे कापसाला. कापूस भरताना डोक्यावर पाइप आला की माल भरायचा कसा आणि ताडपत्री ओढायची कशी? "स्टँड निघालं नाही तर माझी अर्धी गाडी बंद," तो म्हणाला. शिवाय कलम ५२ आहे. नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ नमुन्यापासून बदलेल असा फेरफार चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच ठामपणे सांगितलंय. व्यापारी गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी फिटनेससाठी उभं राहावं लागतं. तिथे पत्र्याला डागलेला सांगाडा घेऊन कशाला जायचं?

मग ठरलं ते असं. दोन कमानी. एक केबिनच्या मागे, एक फाळक्याजवळ. आडवा पाइप केबिनच्या टपापेक्षा चार बोटं वर. शिडी टपावरून पुढे जाते, त्यामुळे मागे एक इंचही बाहेर राहत नाही. वीस फुटी सरकती शिडी मिटल्यावर दहा-अकरा फूट होते आणि गाडीची एकूण लांबी सोळा-सतरा फूट, म्हणजे ती आरामात मावते. पॅनल खाली हौद्यात, पट्ट्याने आवळून उभे.

आता "काढता येणारं" या शब्दाबद्दल. चार बोल्ट, दोन पाने आणि दोन माणसं लागली तर ते स्टँड काढता येतं, पण कुणी काढत नाही. पहाटे पाच वाजता कापूस भरायचाय आणि दादा एकटाच आहे, तेव्हा हाताने पाच मिनिटांत निघालं तरच ते निघणारं. म्हणून वजनाचा हिशोब केला. ४० मिमी चौकोनी, २ मिमी जाडीचा पाइप मीटरला साधारण २.४ किलो. एका कमानीला चार मीटर, म्हणजे दहा किलोच्या आत. एका माणसाला सहज. पण नुसत्या दोन कमानी ब्रेक मारल्यावर पुढे वाकणार, म्हणून त्यांना जोडणारे दोन हलके पाइप बाजूंनी, पिन घालून. सगळं मिळून पंचवीस-सव्वीस किलो.

खरी मेख मात्र पाइपात नाही, तो ज्यात बसतो त्या खोबणीत आहे. (आमच्या धंद्यात जसं कोडपेक्षा इंटरफेसवर भांडणं होतात, तसंच.) खोबणी ५० मिमी पाइपाची, ४ मिमी जाड, म्हणजे आत ४२. चाळीसचा पाइप आत गेला की दोन्हीकडे एकेक मिलिमीटर फट. यापेक्षा घट्ट केलं तर धूळ-चिखलाने अडकून बसतं, सैल केलं तर धारूरच्या घाटात खडखडाट. ती हौद्याच्या पत्र्याला नुसती बोल्ट करायची नाही. पलीकडून तळहाताएवढी जाड पट्टी, नाहीतर पत्रा फाटतो. आणि खोबणीच्या बुडाला भोक. पाणी साठलं की गंज तिथूनच सुरू होतो. मिस्त्री आधी म्हणाले, "भोक कामून?" पण पाडलं.

दिसण्यावरून मात्र घरात दोन पक्ष पडले. काकांचं म्हणणं, शिडी ठेवायची आहे, वरात काढायची नाही. दादा ऐकेना. त्याचं म्हणणं मला पटलं. लाखा-दीड लाखाचं काम द्यायच्या आधी माणूस दारात उभ्या राहिलेल्या गाडीकडे बघतो. सुतळीने बांधलेली शिडी बघून त्याला छतावरची वायरिंगसुद्धा सुतळीनेच बांधलेली दिसते. मिस्त्रींना स्टीलची चकाकी हवी होती, जिन्याच्या कठड्यासारखी. मी म्हटलं, चकाकीचे पैसे खोबणीत घाला. शेवटी साधं लोखंड, पावडर कोटिंग, काळा मॅट. शिडी टेकते तिथे रबर, म्हणजे आवाज नाही आणि घासून रंग जात नाही. मागच्या कमानीवर लाल रिफ्लेक्टर पट्टी. शिडी बांधायला ट्यूबच्या पट्ट्या बंद, रॅचेटचे दोन पट्टे. माझ्या मते या रिफ्लेक्टर पट्टीइतकी देखणी गोष्ट त्या गाडीवर दुसरी नाही.

एका गोष्टीवर आमचं अजून जमलेलं नाही. मला ती अॅल्युमिनियमची शिडीच नकोय. विजेच्या तारांजवळ काम करणाऱ्याने फायबरची वापरावी. दादाचं उत्तर, "पुढच्या हप्त्याला बगू." ती जड आहे आणि महाग आहे, हे खरं. पण मी दर रविवारी फोनवर आठवण करतोय.

बाकी स्टँड उत्तम चाललंय. कापसाच्या दिवसांत कमानी उतरवून अंगणात भिंतीला टेकवल्या होत्या. दोन दिवसांनी दादाने फोटो पाठवला: मामीने दोन्ही कमानी आमनेसामने उभ्या करून मध्ये दोरी बांधली होती आणि त्यावर गोधड्या वाळत घातल्या होत्या. खाली दादाची ओळ, "आता मागायला गेलो तर म्हणते, आधी माझ्या गोधड्यांचं बग."