सहाच्या ठोक्याचा नवरंग

डोंगरच नाही! तंजावरहून तिरुवय्यारूकडे जाताना माझी कोकणी नजर सवयीने डोंगराची कड शोधत होती आणि समोर नुसता हिरवा सपाट पसारा. कावेरी, कुडमुरुट्टी, वेट्टार, वेण्णार... एवढ्या नद्या, आणि सगळ्या शेजारणींसारख्या जवळजवळून वाहणाऱ्या! आपल्याकडे खाचरं डोंगराच्या कुशीत असतात. इथे भात थेट आभाळाला जाऊन भिडतो.

त्यात ऑक्टोबर सरत आलेला. कोकणात कापणीची घाई, तर इथे बायका गुडघाभर चिखलात लावणी करताहेत! ऐप्पसी महिना, ईशान्य मोसमी पावसाचा. दिवाळीच्या तोंडावर आषाढ!

मुक्काम एका मराठी घरात होता. तंजावरचं भोसल्यांचं राज्य १८५५ साली संपलं, पण या घरात मराठी अजून बोलतात, तमिळ हेल काढून. संध्याकाळी घरातल्या आजींबरोबर परसात गेले. माडांखाली केळी, केळींखाली ओला पाचोळा. त्यात काहीतरी खसफसलं आणि मी जागच्या जागी थिजले.

नवरंग! टुण्कन उडी मारतो, थांबतो, चोचीने पान उलटतो, गांडूळ ओढून काढतो. मुठीएवढा जीव, शेपटी जवळजवळ नाहीच. पाठ हिरवीगार, खांद्यावर निळी झळाळी, पोट हळद घातलेल्या दुधासारखं, शेपटीखाली कुंकू सांडल्यागत लाल, डोळ्यावरून काजळाची जाड रेघ. आणि माझ्यापासून फक्त दहा पावलांवर!

याच पक्ष्यासाठी कर्नाळ्याच्या रानात मी जूनमध्ये तासन् तास भिजत उभी राहिले आहे. शीळ कानावर येते, पक्षी मेला दिसत नाही. तिथल्या उतारांवरच्या जाळीत त्याची वीण होते. आपला पाऊस ओसरला की रात्री उडत तो दक्षिण गाठतो. पन्नास-साठ ग्रॅम वजन, म्हणजे दोन लिंबांएवढं! इथून पुढे समुद्रकाठच्या कोडियक्करैच्या रानातही तो उतरतो. आपल्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने तिथे वर्षानुवर्षं पक्ष्यांच्या पायांत कडी घातली आहेत.

‘‘आरुमणी कुरुवी,’’ आजी कुजबुजल्या. सहा वाजताचा पक्षी. ‘‘थांब थोडं. आता ओरडेल.’’

आभाळ काळवंडलं. केळीच्या पानांवर टपटप सुरू झाली. नवरंगाने मान मागे टाकली आणि... व्हीट्-ट्यू! दोनच सूर, ओल्या हवेत लख्ख. तीच कर्नाळ्याची शीळ! पलीकडच्या बांबूच्या बेटातून दुसऱ्याने उत्तर दिलं.

घड्याळ कोणीच पाहिलं नाही. आजी उठल्या, पदराचा आडोसा करून तुळशीपाशी दिवा लावला. आपल्याकडे मृगाची वर्दी देणारा पक्षी इथे घराघरांत दिवेलागण सांगतो. वर्षाला दोन पावसाळे त्याच्या वाट्याला येतात आणि दोन्हीकडे तो घरचाच!