कोयासान येथील वाळवीचे स्मारक

जपानमधील कोयासान हे सुमारे ८०० मीटर उंचीवरील मंदिर-नगर बौद्ध आचार्य कूकाई यांनी इ. स. ८१६ मध्ये स्थापिले. शनिवारी आम्ही उभयतां तेथील एका मंदिरातच मुक्कामास होतो. भोजनात कांदा-लसूण वर्ज्य. मात्र मुळा व कमळकाकडी पानात आलीच, तेव्हा सौभाग्यवतींनी भात व टोफूवर भागविले. (कंदमुळाचे आधीच कळवावे.)

रविवारी ओकुनोइन या विस्तीर्ण स्मशानभूमीत उंच वृक्षांखाली व्यापारी कंपन्यांचीही स्मारके दिसली. त्यांतले एक चक्क वाळवीचे! वाळवी मारणाऱ्या व्यावसायिकांच्याच संघटनेने तिच्या शांतीसाठी उभारलेले. हिंसा त्याने टळत नाही, हे खरे. परंतु नफ्यासमोर मारलेल्या जीवांची नोंद ठेवणारा धंदा बँकेच्या साऱ्या नोकरीत माझ्या पाहण्यात आला नव्हता. सौभाग्यवतींनी तेथे हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटले.