हिरवी तार

भिंतीवरील तीन छिद्रांच्या सॉकेटकडे आपण रोज पाहतो. परंतु वरचे छिद्र खालच्या दोहोंपेक्षा मोठे का, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. मला तो विचारणारे एकच माणूस भेटले, आणि तेही विजेचा जबर धक्का खाऊन उठल्यानंतर.

त्या वरच्या छिद्रात शिरणारी पिन अधिक जाड आणि किंचित लांब असते. हेतू असा, की यंत्र जोडताना त्याचे जमिनीशी नाते प्रथम जुळावे आणि काढताना सर्वांत शेवटी तुटावे. त्या छिद्रामागे हिरवी तार असते. लाल तारेतून वीज येते, काळीतून परत जाते. हिरवीतून मात्र, सारे सुरळीत असेतो, काहीच वाहत नाही. वर्षानुवर्षे ती स्वस्थ बसून असते. ती असली काय नि नसली काय, दिवा तितकाच उजळतो आणि पंखा तितकाच फिरतो. म्हणूनच ती नसल्याचे कुणाच्या ध्यानात येत नाही. आणि ती नसताना ‘आहे’ असे कागदावर लिहिणे फार सोपे जाते. मी तसे लिहिले आहे.

माझी सारी हयात इंदुरात वायरिंगच्या कामात गेली. १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी आमच्या धंद्याला एक चौकट घालून दिली होती. काम परवानाधारक ठेकेदाराने घ्यावे, तारा ओढणाऱ्यापाशी वायरमनचा परवाना असावा, आणि देखरेख करणाऱ्यापाशी योग्यतेचे प्रमाणपत्र असावे. हा देखरेख करणारा म्हणजे मी. काम पुरे झाले की चाचणीचा अहवाल भरावयाचा. त्यात ५०० व्होल्टच्या मेगरने तारांचे आवरण तपासल्याची नोंद, अर्थिंगचा रोध किती ओहम भरला त्याची नोंद, आणि खाली सही. पुढे २०१० साली त्या नियमांच्या जागी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे विनियम आले, २०२३ साली तेही नव्याने लिहिले गेले. आम्ही जुनी माणसे बोलताना अजून ‘छप्पनचे रूल’ असेच म्हणतो.

ठेकेदाराला प्रमाणपत्राचा माणूस पटावर लागतो, आणि माणसाला प्रपंच असतो. दिवसाला चार-चार अहवाल समोर येत. चारही घरी जाऊन, अंगणात खुंट्या ठोकून, टेस्टरचा दांडा फिरवून रोध मोजावयाचा म्हटले तर दिवस पुरत नसे. मग वायरमनला विचारावयाचे, ‘‘अर्थिंग ठीक आहे ना?’’ तो म्हणे, ‘‘बाबूजी, बत्ती तो जल रही है!’’ म्हणजे, लाल तार आणि वरचे छिद्र यांमध्ये त्याने चाचणीचा दिवा धरला आणि तो पेटला. एवढ्यावर मी रकान्यात अडीच ओहम लिहीत असे. अडीचच का, ते सांगता येणार नाही. दोन म्हटले तर फार चोख वाटे, चार म्हटले तर कुणी शंका घेईल असे वाटे.

आता तो दिवा खोटी साक्ष कशी देतो, हे सांगितले पाहिजे. संध्याकाळी आमची मंडळी विजेच्या सामानाच्या एका दुकानाच्या फळीवर जमत असे. तेथे एक वाद कायमचा चाले. घरात अर्थिंग नाही, आणि धुलाईयंत्र बसवावयास आलेला माणूस तर अर्थिंगवाचून यंत्र लावीत नाही. अशा वेळी सॉकेटच्या आतल्या आत काळी तार वरच्या छिद्राला जोडून दिली तर काय बिघडले? जोडणारे म्हणत, ‘‘ट्रान्सफॉर्मरपाशी न्यूट्रल जमिनीत गाडलेलीच असते. तेथे चालते, मग येथे का नाही?’’ युक्तिवाद अर्धा खरा आहे, म्हणूनच तो मोडून काढणे कठीण जाई. ट्रान्सफॉर्मरपाशी ती गाडलेली असते हे खरे. पण ट्रान्सफॉर्मर आणि सॉकेट यांच्या दरम्यान खांब आहेत, मीटर आहे, कटआउट आहे, सैल झालेले स्क्रू आहेत. यांपैकी एका जरी ठिकाणी काळी तार तुटली, तर घरातील जो दिवा चालू असेल त्यातून येणारी वीज परतीची वाट न सापडल्यामुळे त्या दोन बोटे तुकड्यावरून यंत्राच्या पत्र्यावर येऊन उभी राहते. हे सारे मला पाठ होते. फळीवर बसून मी ते अनेकांना समजावूनही सांगितले होते. प्रत्येक वेळी वादात माझाच जय होई, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अहवाल समोर येत.

रामबागेत आमच्या घरापासून चार घरे टाकून एक जुना वाडा होता. तेथे राहणाऱ्या काकू माझ्या आईच्या मैत्रिणी. मी लहानपणी त्यांच्या ओसरीवर खेळलो आहे. १९९६ साली त्यांच्या मुलाने गीझर आणि धुलाईयंत्र आणले व वीजभार वाढवून घेतला. त्याचा अहवाल माझ्या सहीने गेला. वाडा ओळखीचा, माणसे ओळखीची. जाऊन पाहण्याचे मनातही आले नाही.

१९९८ च्या जुलैमध्ये, भर पावसात, एके संध्याकाळी त्या एकाच घरातले दिवे गेले. काकू मोरीत होत्या. यंत्राचे बटण बंद होते, वीज तर गेलेलीच. म्हणून निर्धास्तपणे ओल्या फरशीवरून त्या कपडे काढावयास गेल्या. पत्र्याला हात लागताच तो तेथेच जखडला. पाय घसरून त्या पडल्या आणि पडल्यामुळे हात सुटला. त्या घसरल्या नसत्या तर हा लेख मी लिहिला नसता. कोणत्या तोंडाने लिहिणार?

मला बोलावणे आले ते ‘आपला माणूस’ म्हणून. कंदिलाच्या उजेडात मी सॉकेट उघडले. काळ्या तारेपासून वरच्या छिद्रापर्यंत तो दोन बोटे तुकडा नीट वळवून बसवलेला होता. काम सफाईदार होते. वाड्याच्या जुन्या बोर्डावर लाल आणि काळी अशा दोन्ही तारांना निरनिराळे फ्यूज होते. काळ्या तारेवर फ्यूज ठेवू नये, असे छप्पनचे नियमही सांगत होते. नेमका तोच उडाला होता. बटणाने तुटते ती लाल तार. काळी आणि वरची दोन्ही जागच्या जागी होत्या. माजघरातला एक दिवा चालू राहिला होता. बाकी सगळे फळीवर मीच सांगत असे तसे घडले होते.

पण मला अधिक बोचले ते परसात. जुन्या वेळची अर्थिंगची तार भिंतीवरून उतरून नळाला पट्टीने आवळलेली होती. पूर्वी नळ लोखंडी असत, रस्त्याखालून दूरवर जमिनीत गेलेले. त्यांवर ही युक्ती कशीबशी निभावून जाई. काकूंच्या घरचे नळ काही वर्षांपूर्वी प्लॅस्टिकचे झाले होते. लोखंडाचा हातभर तुकडा तेवढा भिंतीत राहिला होता आणि त्याला ती तार इमानाने धरून होती. कुणीही येऊन दुरून पाहिले असते तर अर्थिंग आहे असेच म्हणाला असता. मी तर दुरूनही पाहिले नव्हते.

पुढल्या आठवड्यात मी माझ्या खर्चाने सारे नवे केले. परसात खड्डा खणून अडीच मीटरचा जस्त चढवलेला पाइप पुरला, भोवती मीठ-कोळशाचे थर दिले, पाणी घालावयास वर नरसाळे ठेवले. काळ्या तारेवरचा फ्यूज काढला. ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवला. काकूंच्या मुलाला शंका होती, की सोळा अँपिअरचा स्वयंचलित स्विच लावला म्हणजे पुरे नाही काय? मी त्याला हिशेब करून दाखवला. अर्थिंगचा रोध पन्नास ओहम धरला तर २३० व्होल्टला ४.६ अँपिअर वाहतात. सोळाचा स्विच जागचा हलणारही नाही, आणि यंत्राचा पत्रा मात्र जिवंत राहील. तो स्विच तारा जळू नयेत म्हणून असतो. माणसाला मारावयास सात वॅटच्या इवल्या दिव्यापुरती वीजदेखील पुष्कळ होते. त्या मापावर नजर ठेवणारे उपकरण निराळे. ते वारंवार पडते म्हणून कित्येकजण त्याला वगळून सरळ जोडणी करून घेतात. ते का पडते हे शोधण्याचे कष्ट वाचतात, एवढाच त्यात लाभ.

काकूंनी कृतज्ञतेने बेसनाच्या लाडवांचा डबा पाठवला. मी तो परत पाठवू शकलो नाही आणि सुखाने खाऊही शकलो नाही. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे पुढे कधी पूर्ववत झाली नाहीत.

माळव्याची काळी माती पावसात लोण्यासारखी असते. वैशाखात तिला भेगा पडतात आणि ती पाइपाला सोडून दूर सरते. म्हणून दर उन्हाळ्यात मी टेस्टर घेऊन त्यांच्या परसात जाऊ लागलो. सहा वर्षे गेलो. २००४ च्या मे महिन्यात खुंट्या ठोकीत असता काकू पायरीवर येऊन बसल्या आणि त्यांनी वरच्या मोठ्या छिद्राविषयी विचारले. मी सांगितले, आणि सांगता सांगता अडीच ओहमाची गोष्टही सांगून टाकली.

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘तरीच त्या दिवशी तू पाणीसुद्धा घेतलं नाहीस.’’ आणि थोड्या वेळाने, ‘‘आज किती आलं?’’

‘‘अकरा.’’

‘‘थांब,’’ असे म्हणून त्या आत गेल्या, चष्मा घेऊन आल्या, आणि मला दांडा पुन्हा फिरवावयास लावून काट्यावर स्वतः वाकल्या. ‘‘अकराच आहे,’’ असे म्हणून त्यांनी खडू मागवला व भिंतीवर, बोर्डाच्या शेजारी, डाव्या हाताने तारीख आणि आकडा लिहिला. मी नरसाळ्यात चार बादल्या पाणी ओतले. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले तेव्हा सहा भरले. तेही त्यांनी आधी पाहिले, मग लिहिले.